'कोन्व्हेर्गेंट' : जर्मन गणितभाषेतील एक विशेषण

जर्मन भाषेतील गणिताचा ग्रंथ प्रथमच हाती घेणाऱ्या भाषाभ्यासकास आरंभीच्या काही पृष्ठांतच एक गोष्ट जाणवते. एकाच लॅटिन धातूपासून आलेली दोन विशेषणे तेथे शेजारी शेजारी नांदत असतात : एक 'कोन्व्हेर्गेंट' आणि दुसरे 'कोन्व्हेर्गीरेंड'. कोशात दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच दिलेला आढळतो : एकत्र येणारे, एका बिंदूकडे झुकणारे. तथापि 'अभिसारी क्रमिका' एवढेच म्हणावयाचे असेल तेव्हा जर्मन लेखक बहुधा पहिले विशेषण वापरतो, आणि 'शून्याकडे झुकणारी क्रमिका' म्हणावयाचे झाल्यास दुसऱ्याकडे वळतो. ही निवड केवळ शैलीची नव्हे. पहिल्या विशेषणाने क्रियेचा अर्थ हळूहळू टाकून देऊन गुणधर्माचा अर्थ धारण केला आहे, आणि ह्या स्थित्यंतरात गणिताच्या इतिहासातील एका मोठ्या घोटाळ्याचे व त्याच्या निरसनाचे प्रतिबिंब पडलेले आहे.

शब्दाची घडण सरळ आहे. लॅटिन 'व्हेर्गेरे' म्हणजे झुकणे, कलणे. त्याला 'सह' अर्थाचा उपसर्ग लागून 'कोन्व्हेर्गेरे' हे उत्तरकालीन लॅटिनमधील क्रियापद तयार झाले. त्याच्या वर्तमानकालवाचक धातुसाधिताचे अंग जर्मनमध्ये उसने आले ते '-एंट' ह्या शेवटासह. 'एव्हिडेंट', 'लाटेंट', 'कोन्सेक्व्हेंट' ही विशेषणे ह्याच कुळातील होत. क्रियापद मात्र जर्मनने स्वतंत्रपणे '-ईरेन' हा प्रत्यय लावून घडविले आणि त्या क्रियापदाचे धातुसाधित आपल्या नियमाप्रमाणे '-एंड' लावून केले. अशा रीतीने एकाच क्रियेची दोन धातुसाधिते भाषेत आली, एक लॅटिनच्या घरचे व दुसरे जर्मनच्या. लॅटिन व्याकरणाशी परिचय नसलेल्या जर्मन भाषकास '-एंट' मध्ये क्रिया ऐकू येत नाही. '-एंड' मध्ये ती स्पष्ट ऐकू येते. 'डोमिनांट' आणि 'डोमिनीरेंड' ह्या जोडीतही हाच भेद आहे. आनुवंशिकीतील प्रभावी गुणास पहिले विशेषण लागते, तर वर्चस्व गाजविणाऱ्या भूमिकेस बहुधा दुसरे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन ग्रंथांत हे सर्व शब्द रोमन 'सी' ह्या अक्षराने लिहिलेले दिसतात. शतकाच्या अखेरीस 'के' रूढ होऊ लागले आणि १९०१ च्या बर्लिन येथील शुद्धलेखन परिषदेनंतर ते स्थिर झाले.

गणितात येण्यापूर्वी हा शब्द प्रकाशशास्त्राच्या परिसरात वावरत होता, आणि तेथील अर्थ डोळ्यांना दिसणारा आहे. भिंगातून बाहेर पडलेले किरण एका बिंदूकडे झुकतात ते अभिसारी. परस्परांपासून दूर जातात ते 'डिव्हेर्गेंट', म्हणजे अपसारी. समांतर किरण ह्या दोहोंतही मोडत नाहीत. तर्कशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे दोन विशेषणांचा परस्परविरोध आहे, व्याघात नाही. मध्ये तिसऱ्यास जागा आहे. गणितात गेल्यावर ही जागा नाहीशी झाली. जे अभिसारी नाही ते सर्व अपसारी, असे तेथे ठरले. एक वजा एक अधिक एक वजा एक अशी चालणारी श्रेढी कोठेच दूर जात नाही. तिच्या आंशिक बेरजा एक आणि शून्य ह्यांमध्ये हेलकावे खात राहतात. तरीही ती अपसारीच म्हणविली जाते. उपसर्गाचा अर्थ आणि संज्ञेचा अर्थ येथे प्रथम वेगळे झाले.

अनंत प्रक्रियेच्या संदर्भात 'अभिसारी' ही संज्ञा वापरण्याचे श्रेय सामान्यतः स्कॉटिश गणिती जेम्स ग्रेगरी ह्याच्या १६६७ मधील वर्तुळ व अपास्त ह्यांच्या क्षेत्रफळांवरील लॅटिन ग्रंथास दिले जाते. वर्तुळाच्या आत आणि बाहेर काढलेल्या बहुभुजाकृतींची क्षेत्रफळे जसजशा बाजू वाढवाव्या तसतशी परस्परांजवळ येतात. ह्या दोन रांगांचे एकत्र येणे ग्रेगरीला अभिप्रेत होते. म्हणजे 'सह' हा उपसर्ग तेथे अजून जिवंत होता. एकत्र येणाऱ्या दोन वस्तू समोर होत्या. पुढे एकच श्रेढी 'अभिसारी' म्हणविली जाऊ लागली. ती कोणाशी एकत्र येते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

अठराव्या शतकात ह्या विशेषणाचा अर्थ आजच्या अर्थाहून बराच सैल होता. ऑयलरच्या अपसारी श्रेढींवरील लॅटिन निबंधात (प्रकाशन १७६०) अभिसारी श्रेढीचे वर्णन तिच्या पदांवरून केलेले आहे : ज्या श्रेढीची पदे सतत लहान होत जाऊन अखेरीस नाहीशी होतात ती अभिसारी. क्ल्यूगेल ह्याच्या गणितविषयक जर्मन शब्दकोशात (पहिला भाग १८०३) श्रेढीस लागणारे विशेषण धातुसाधिताच्या, म्हणजे '-एंड' च्या रूपात आहे, आणि तेथेही पदे उत्तरोत्तर लहान होत जाणे हेच लक्षण सांगितले आहे. लक्षण क्रियेचे असल्यामुळे रूपही क्रियेचे, असे येथे म्हणता येईल. ह्या लक्षणाची अडचण सर्वश्रुत आहे. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशी पदे घेतली तर ती सतत लहान होतात आणि शून्याकडे जातात; परंतु त्यांची बेरीज कोणत्याही मर्यादेत राहत नाही. पहिल्या १,००० पदांची बेरीज सुमारे ७.४९, दहा लाख पदांची सुमारे १४.३९. वाढ इतकी मंद की गणन करणाऱ्यास ती थांबली असेच वाटावे; पण ती थांबत नाही. ओरेम ह्याने हे चौदाव्या शतकातच दाखविले होते आणि ऑयलरला ते उत्तम ठाऊक होते. तेव्हा अज्ञान वस्तूविषयी नव्हते. शब्दाने कोणते लक्षण वाहावयाचे हे ठरलेले नव्हते.

ते ठरले एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत. गाउसचा १८१२ मधील एका विशिष्ट श्रेढीवरील निबंध, बोल्झानोची १८१७ मधील प्राग येथे प्रसिद्ध झालेली पुस्तिका आणि कोशीचा १८२१ मधील फ्रेंच पाठ्यग्रंथ ह्यांनी पदांकडची दृष्टी बेरजेकडे वळविली. आंशिक बेरजांना निश्चित सीमा असेल तर श्रेढी अभिसारी, एरव्ही नाही. ह्या व्याख्येत 'सीमा आहे' हे विधान मुख्य आहे, 'जवळ जाणे' ही केवळ सीमेची ओळख. व्हायरश्ट्रासच्या परंपरेत तर तेही उरले नाही : दिलेली चूक कितीही लहान असो, एका विशिष्ट पदापुढील सर्व पदांना अमुक असमानता लागू पडते, एवढेच म्हटले जाते. कोणीही कोठेही जात नाही. अशा स्थितीत क्रिया न ऐकू येणारे '-एंट' हे रूप संज्ञेस अधिक योग्य ठरावे ह्यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात दोन्ही रूपे सरमिसळ चालत होती; क्नोपच्या १९२२ मधील अनंत श्रेढींवरील ग्रंथासारख्या विसाव्या शतकातील पाठ्यग्रंथांत मात्र संज्ञा म्हणून 'कोन्व्हेर्गेंट' हेच स्थिर झालेले आहे.

मग '-एंड' चे रूप का टिकले? त्याचे कारण वाक्यरचनेत आहे. सीमा कोणती हे सांगावयाचे झाल्यास जर्मन भाषा 'गेगेन' हे शब्दयोगी अव्यय वापरते आणि ते सबंध पदबंधासह नामापूर्वी बसविते : 'आइने गेगेन नूल कोन्व्हेर्गीरेंडे फोल्गे', म्हणजे 'शून्याकडे झुकणारी क्रमिका'. मराठी वाचकास ही रचना परकी वाटू नये. आपले धातुसाधित विशेषणही आपला सर्व परिवार बरोबर घेऊन नामाच्या अगोदर येते. 'कोन्व्हेर्गेंट' सह 'गेगेन' येतच नाही असे नाही, परंतु कर्मपरिवार सांभाळण्याचे काम मुख्यतः धातुसाधितच करते. 'गेगेन' चा येथील अर्थही लक्षात घेण्याजोगा आहे. आजच्या बोलण्यात त्याचा पहिला अर्थ 'विरुद्ध' असा आहे, आणि नवशिक्या विद्यार्थ्यास क्रमिका शून्याच्या विरुद्ध उभी असल्याचा भास होतो. 'कडे, दिशेने' हा त्याचा जुना अर्थ 'संध्याकाळच्या सुमारास', 'उत्तरेकडे' अशा काही ठराविक प्रयोगांत राहिला. गणिताने तोच उचलून धरला.

तर-तम भावाच्या बाबतीतही हे विशेषण क्रियेपासून दूर गेलेले दिसते. 'कोन्व्हेर्गेंटर' हे रूप जर्मन गणितात वारंवार भेटते. पण ते 'अधिक अभिसारी' असे तुलनावाचक नसून 'अभिसारी श्रेढींची बेरीज' अशा पदबंधातील षष्ठीच्या अनेकवचनाचे वा तत्सम विभक्तीचे रूप असते. सीमा असते किंवा नसते. ती अधिक असत नाही. वेगाची तुलना करावयाची असेल तर 'अधिक वेगाने' असे क्रियाविशेषण वेगळे जोडावे लागते.

ह्या क्रियाविशेषणांतच ह्या संज्ञेचा खरा इतिहास दडलेला आहे. कोशीने १८२१ मध्ये एक प्रमेय मांडले : अखंड फलनांची श्रेढी अभिसारी असेल तर तिची बेरीजही अखंड असते. सिद्धता वरवर निर्दोष दिसते. १८२६ मध्ये क्रेल ह्याच्या बर्लिन येथील नियतकालिकात तरुण नॉर्वेजियन गणिती आबेल ह्याने एका टीपेत नम्रपणे नोंदविले की ह्या प्रमेयास अपवाद दिसतात. आणि उदाहरण म्हणून त्याने ज्या-फलनांची एक श्रेढी दिली. (लेख मुळात फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, छापला गेला तो जर्मन भाषांतरात.) त्या श्रेढीचे प्रत्येक पद अखंड आहे, प्रत्येक ठिकाणी ती अभिसारी आहे, पण ठराविक अंतरावर तिची बेरीज एकदम उडी घेते. प्रमेय चूक, हे उघड झाले. सिद्धतेत चूक कोठे, हे मात्र बराच काळ उघड झाले नाही. कारण ती एकाच विशेषणाच्या पोटात लपलेली होती.

सोपे उदाहरण घेऊन हे पाहता येते. शून्य आणि एक ह्यांमधील संख्येचे उत्तरोत्तर वरचे घात करीत गेल्यास ते शून्याकडे जातात. संख्या ०.९ असेल तर घात ०.०१ च्या खाली येण्यास ४४ पायऱ्या लागतात, ०.९९ असेल तर ४५९, ०.९९९ असेल तर ४,६०३. प्रत्येक संख्येसाठी पायऱ्या सांत आहेत, म्हणून प्रत्येक ठिकाणी अभिसरण आहे. परंतु सर्व संख्यांना एकाच वेळी पुरेल अशी पायऱ्यांची संख्या नाही. 'प्रत्येकासाठी काही एक' आणि 'काही एक, जे प्रत्येकासाठी' ह्या दोन विधानांत केवळ क्रमाचा फरक आहे. 'अभिसारी' ह्या एका शब्दाने ही दोन्ही विधाने झाकून टाकली होती. गणित जाणणाऱ्यांची चूक येथे व्याकरण जाणणाऱ्यांच्या नित्य परिचयाची आहे : 'प्रत्येक विद्यार्थ्याने एक ग्रंथ वाचला' ह्या वाक्यात ग्रंथ एकच की प्रत्येकाचा वेगळा, हे वाक्य सांगत नाही.

हा भेद ओळखणारे अनेक होते, नाव देण्याच्या रीती मात्र वेगवेगळ्या होत्या. म्युन्स्टर येथील गुडरमान ह्याने १८३८ मध्ये आपल्या काही श्रेढींच्या अभिसरणाची 'प्रत' एकंदरीत सारखी असल्याची जाता जाता नोंद केली. तिचे महत्त्व त्याने स्वतः वाढविले नाही. इंग्लंडात स्टोक्स व म्यूनिकमध्ये झायडेल ह्यांनी १८४७-४८ च्या सुमारास, परस्परांची माहिती नसता, उलट बाजूने नाव दिले : जेथे बेरीज तुटते त्या बिंदूजवळ श्रेढी 'अनंत मंद' किंवा 'वाटेल तितकी मंद' अभिसरण पावते. दोघांनी दोषाला नाव दिले. गुणाला नाव दिले व्हायरश्ट्रासने. १८३९-४० मध्ये तो म्युन्स्टर येथे गुडरमानची व्याख्याने ऐकत होता, आणि १८४१ मधील घातश्रेढींवरील लेखात त्याने 'ग्लाइखमेसिख कोन्व्हेर्गेंट', म्हणजे 'एकसमान अभिसारी', हा प्रयोग केला. तो लेख छापला गेला १८९४ मध्ये, त्याच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात. शब्द मात्र त्यापूर्वीच बर्लिन येथील व्याख्यानांतून विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि तेथून युरोपभर गेला होता. कोशीने स्वतः १८५३ मध्ये प्रमेयात आवश्यक ती दुरुस्ती केली, पण तिला वेगळे नाव दिले नाही. परिणामी दुरुस्तीपेक्षा चूकच अधिक स्मरणात राहिली.

'ग्लाइखमेसिख' हा शब्द काही खास घडविलेला नाही. सारख्या लयीत चाललेला श्वास, सर्वत्र सारखे पसरलेले लोणी ह्यांना जर्मन माणूस हेच विशेषण लावतो. 'सारखे' आणि 'माप' ही त्याची दोन अंगे होत. गुडरमानची 'प्रत' मोघम होती. 'माप' म्हटल्यावर सर्व बिंदूंना एकच मोजपट्टी लावावयाची हे आपोआप सूचित होते. गुडरमानचा शब्दही वाया गेला नाही. फलनांच्या सबंध समूहाला एकाच वेळी लागू पडणाऱ्या अखंडतेस जर्मनमध्ये आजही 'ग्लाइखग्राडिख श्टेटिख', शब्दशः 'सारख्या प्रतीने अखंड', असे म्हणतात, आणि एका फलनाच्या एकसमान अखंडतेस 'ग्लाइखमेसिख' लागते. दोन प्रतिस्पर्धी शब्दांनी पुढे कामे वाटून घेतली.

अशा उपपदांचा विस्तार पुढे फार झाला, आणि ती सर्व एका जातीची नाहीत. 'एकसमान अभिसारी' जे असते ते 'अभिसारी' असतेच. उपपदाने अर्थ संकुचित झाला. 'श्वाख कोन्व्हेर्गेंट', म्हणजे 'दुर्बल अभिसारी', ह्यात तसे नाही : दुर्बल अभिसारी क्रमिका नेहमीच्या अर्थाने अभिसारी नसूही शकते. येथे उपपद अर्थ विस्तृत करते. सर्वांत चमत्कारिक प्रकार अनंताकडे वाढत जाणाऱ्या क्रमिकेचा. एक, दोन, तीन, चार ही क्रमिका अपसारी आहे, पण तिचे वागणे इतके नियमित आहे की तिला जर्मन पाठ्यग्रंथांत 'बेश्टिम्ट डिव्हेर्गेंट', म्हणजे 'निश्चित अपसारी', असे वेगळे नाव आहे. तिलाच दुसरे नाव 'उनआइगेंटलिख कोन्व्हेर्गेंट', म्हणजे 'अनुचितार्थाने अभिसारी'. एकाच वस्तूस दोन परस्परविरुद्ध विशेषणे लागतात आणि उपपदांमुळे दोन्ही खरी ठरतात. संज्ञाशास्त्राच्या वर्गात दाखविण्यास ह्याहून चांगला नमुना विरळा.

गणिताबाहेरील तांत्रिक भाषेत हा शब्द पुन्हा आपल्या दृश्य अर्थाकडे परततो. बाष्पचक्कीत वा अग्निबाणात बसविलेले, प्रथम अरुंद होऊन पुन्हा रुंदावणारे नॉझल जर्मनमध्ये 'कोन्व्हेर्गेंट-डिव्हेर्गेंटे ड्यूझे' होय. विभक्तीचा प्रत्यय केवळ उत्तरपदास लागतो. भूपट्टांच्या सीमेस मात्र 'कोन्व्हेर्गेंट' आणि 'कोन्व्हेर्गीरेंड' ही दोन्ही विशेषणे लावलेली आढळतात, आणि ते स्वाभाविक आहे : भारतीय भूपट्ट युरेशियाकडे खरोखरच सरकत आहे. भाषाशास्त्रातील 'अभिसरण' हेही क्रियावाचकच आहे. गम्पर्झ व विल्सन ह्यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू ह्यांच्या वाक्यरचना परस्परांजवळ आल्याचे जे वर्णन केले, त्यात भाषा झुकतात, पण कोणत्याही पूर्वनिश्चित सीमेकडे नव्हे. ह्या अभिसरणास 'गेगेन' लावता येणार नाही. उलट तेथे 'सह' हा उपसर्ग ग्रेगरीच्या बहुभुजाकृतींत होता तितकाच जिवंत आहे.

मराठीत रूढ झालेल्या 'अभिसारी' ह्या शब्दाची घडण ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. लॅटिन उपसर्ग 'सह' सांगतो, संस्कृत 'अभि' 'कडे' सांगतो. साहित्यशास्त्रातील अभिसारिका संकेतस्थळाकडे निघालेली असते. तिच्या शब्दात गंतव्य गृहीत आहे. त्यामुळे किरणांपेक्षा क्रमिकेस हा शब्द अधिक शोभतो, कारण क्रमिकेस सीमा असते. शिवाय '-इन्' हा प्रत्यय चालू क्रियेपेक्षा शील किंवा स्वभाव दाखवितो, आणि जर्मनमधील '-एंट' ने जे काम केले ते मराठीत ह्या प्रत्ययाकडून होते. 'अभिसरण पावणारी' हे त्याचे '-एंड' चे प्रतिरूप होय.

अडचण येते ती उपपदांत. जर्मन 'बेडिंग्ट कोन्व्हेर्गेंट' चे 'सशर्त अभिसारी' असे भाषांतर सहज सुचते. परंतु सशर्त म्हटले की शर्त पुरी झाली तरच अभिसरण, असा अर्थ वाचकाच्या मनात येतो. मूळ जर्मन विशेषणही ह्या बाबतीत निर्दोष नाही. रोजच्या बोलण्यात 'बेडिंग्ट' म्हणजे 'काही अंशी, राखून ठेवून'. वस्तुतः एक वजा एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश वजा एक चतुर्थांश ही श्रेढी पूर्णपणे अभिसारी आहे. तिची बेरीज सुमारे ०.६९३. फक्त पदांचा क्रम बदलून एका धन पदामागे दोन ऋण पदे घेतली की बेरीज निम्मी, ०.३४७ च्या आसपास, होते. रीमानने १८५४ मध्ये लिहिलेल्या व १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखविले की अशा श्रेढीची पदे फिरवून वाटेल ती बेरीज मिळविता येते. म्हणजे शर्त अभिसरणावर नसून क्रमावर आहे. ह्यास 'क्रमाधीन अभिसारी' आणि त्याच्या विरुद्ध 'उनबेडिंग्ट' ह्यास 'क्रमनिरपेक्ष अभिसारी' म्हणणे अधिक नेमके होईल.

'आब्सोलूट' ह्यासही 'निरपेक्ष' हाच शब्द वापरण्याचा मोह होतो, आणि संख्यांच्या श्रेढीपुरते त्याने बिघडत नाही. कारण तेथे पदांची केवल मूल्ये घेऊन होणारे अभिसरण आणि क्रमनिरपेक्ष अभिसरण एकच आहेत. जर्मन गणितभाषेने मात्र दोन विशेषणे वेगळी राखली होती. १९५० मध्ये ड्व्होरेत्स्की व रॉजर्स ह्यांनी सिद्ध केले की प्रत्येक अनंतमितीय बानाख अवकाशात क्रमनिरपेक्ष अभिसारी असूनही 'आब्सोलूट' अभिसारी नसलेली श्रेढी असते. मराठीत ह्या दुसऱ्या प्रकारास 'केवल अभिसारी' म्हणावे लागेल. 'निरपेक्ष' हा शब्द दोहोंसाठी वापरला तर हे प्रमेय मराठीत नीट मांडताही येणार नाही.